रॅम वाढवताना

कॉम्प्युटर स्लो झाला की कुणीही एकच सल्ला देतं: रॅम वाढव, म्हणजे चालू काम हाताशी ठेवणारी मेमरी वाढव. सल्ला बऱ्याचदा बरोबर निघतो, पण देणाऱ्याने मशीनकडे नीट पाहिलेलं नसतं. स्लो होण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात. प्रोसेसर कमी पडत असेल तर काम रेंगाळतं, पण एका लयीत चालतं. काम किती झालं ते दाखवणारी पट्टी हळूहळू का होईना पुढे सरकत राहते. रॅम कमी पडली की लयच बिघडते. आत्ता सगळं सुरळीत असतं आणि पुढच्या क्षणी एका विंडोतून दुसरीत जाताना स्क्रीन पांढरी होते, माउसचा बाण अडखळतो, टाइप केलेली अक्षरं थोड्या वेळाने एकदमच उमटतात, आणि कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा विझायचं नाव घेत नाही.

माझ्या डेस्कटॉपचं हे दुसऱ्या प्रकारचं दुखणं होतं. मी जुनी छापील पानं स्कॅन करून साफ करते. डाग काढायचे, तिरकं पान सरळ करायचं, फिकट पडलेली अक्षरं वाचता येतील इतकी गडद करायची. ए-फोर आकाराचं एक पान ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केलं की ते ४९६० बाय ७०१६ ठिपक्यांचं होतं, म्हणजे जवळजवळ साडेतीन कोटी ठिपके. डिस्कवर जेपेग म्हणून साठवलेली फाइल काही एमबीचीच दिसते आणि त्यामुळे फसायला होतं. उघडताना मात्र ती पूर्ण उलगडावी लागते. रंगीत पानाच्या प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले तरी एका पानाने रॅममधले शंभर एमबी व्यापले. त्यावर एक थर चढवला की आणखी तेवढेच. शिवाय 'अनडू' करता यावं म्हणून प्रोग्रॅम आधीच्या अवस्था जपून ठेवतो, त्या वेगळ्या. अशी दहा-बारा पानं, शेजारी संदर्भासाठी उघडलेला ब्राउझर, आणि हे सगळं आठ जीबीत. मशीनने तक्रार केली नसती तरच नवल.

रॅममध्ये जागा उरली नाही की ऑपरेटिंग सिस्टिम काम थांबवत नाही. सध्या वापरात नसलेली पानं उचलून डिस्कवर ठेवते आणि लागली की परत आणते. (ही पानं म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, बहुतेक मशीनवर चार केबीचे.) युक्ती उत्तम आहे, फक्त दोन्हीकडच्या वेगातली तफावत प्रचंड आहे. प्रोसेसरला रॅममधून काही हवं असेल तर जाऊन-येऊन साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. एसएसडीला त्याच कामासाठी शंभर मायक्रोसेकंदांच्या आसपास, आणि फिरत्या हार्ड डिस्कला दहा मिलिसेकंद. ऐकताना हे सगळेच आकडे नगण्य वाटतात. रॅमचा वेळ ताणून एक सेकंद केला, तर त्याच प्रमाणात एसएसडीचे सतरा मिनिटं होतात आणि हार्ड डिस्कचे एक दिवस आणि वर पावणेचार तास. डिस्कचा दिवा सतत जळत असतो तेव्हा प्रोसेसर एवढ्या वाटा पाहत बसलेला असतो, तेही पुन्हा पुन्हा.

संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये या गोष्टीची नीट मांडणी केली. त्यांचं म्हणणं असं, की कुठलाही प्रोग्रॅम त्याची सगळी मेमरी सारख्याच तऱ्हेने वापरत नाही. ठरावीक काळात तो काही मोजक्याच पानांना हात लावतो. या पानांच्या संचाला त्यांनी 'वर्किंग सेट' म्हटलं. चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमचे वर्किंग सेट मिळून रॅममध्ये मावत असतील तर सगळं छान चालतं. बेरीज थोडीशी वर गेली, की एक पान आणायला दुसरं बाहेर काढावं लागतं आणि ते बाहेर काढलेलंच लगेच हवं असतं. मग मशीनचा जवळजवळ सगळा वेळ ने-आण करण्यात जातो. याला थ्रॅशिंग म्हणतात. रॅमची टंचाई हळूहळू का जाणवत नाही, याचं उत्तर इथे मिळतं. स्कॅन केलेल्या अकरा पानांपर्यंत काहीच होत नाही, आणि बाराव्याला मशीन बसकण मारतं.

म्हणून आधी बघायचं आणि मगच विकत घ्यायचं. टास्क मॅनेजरमध्ये रॅम ऐंशी टक्के भरलेली दिसली म्हणून ती कमी पडते आहे असं होत नाही. मोकळी रॅम ऑपरेटिंग सिस्टिम नुसती पडू देत नाही. नुकत्याच वाचलेल्या फाइली तिथे ठेवते, आणि कुणी जागा मागितली की लगेच सोडते. खरी खूण वेगळीकडे आहे. विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये मेमरीच्या टॅबवर 'हार्ड फॉल्ट्स'चा आलेख असतो, म्हणजे हवं असलेलं पान रॅममध्ये नव्हतं आणि डिस्कवरून आणावं लागलं असे प्रसंग सेकंदाला किती. लिनक्सवर व्हीएमस्टॅट ही आज्ञा चालवून 'एसआय' आणि 'एसओ' हे दोन रकाने पाहायचे, ते स्वॅपमधली, म्हणजे पानं काढून ठेवायच्या डिस्कवरच्या जागेतली, ये-जा दाखवतात. मशीन अडखळत असताना हे आकडे शून्याजवळ असतील तर रॅमवर केलेला खर्च वाया जाणार. दोष दुसरीकडे शोधायला हवा. माझ्याकडे स्कॅनचं प्रत्येक पान बदलताना आलेख वरच्या कडेला जाऊन टेकत होता. तेवढा पुरावा मला पुरला.

ज्या वस्तूसाठी एवढी खटपट करायची ती आतून कशी आहे हे समजून घेतल्याशिवाय मला ती हातात घ्यावीशी वाटत नाही. रॅममधला एक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर. बस्स. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असेल तर एक, नसेल तर शून्य, आणि ट्रान्झिस्टर हे त्याचं दार. ही रचना आयबीएममध्ये काम करणाऱ्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचली, १९६८ मध्ये तिचं पेटंट मिळालं. त्याआधी मेमरी म्हणजे फेराइटच्या बारीक कड्या. त्यांतून तारा ओवून जाळी विणलेली असे, आणि ते विणकाम बरंचसं हातांनी होई. वीज गेली तरी त्या कड्या आपलं चुंबकत्व सोडत नसत. डेनार्ड यांचा कपॅसिटर मात्र पाझरणाऱ्या भांड्यासारखा आहे, भरून ठेवला तरी थोड्याच वेळात रिता होतो. शिवाय त्यातला बिट वाचायला दार उघडलं की वाचण्यातच तो भार निघून जातो, म्हणून वाचून झालं की लगेच परत लिहावा लागतो.

म्हणजे मूळ घटकच विसराळू. त्याला लक्षात ठेवायला लावण्याचं काम भोवतालची यंत्रणा करते. डीडीआर४ या पिढीच्या रॅममध्ये नेहमीच्या तापमानाला प्रत्येक ओळ दर ६४ मिलिसेकंदांत एकदा तरी वाचून परत लिहिली जाते. सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, मशीन चालू असेपर्यंत, आपण काही करत असू वा नसू. चिप फार तापली तर गळती वाढते आणि हाच काळ निम्म्यावर आणावा लागतो. आपण कोऱ्या स्क्रीनकडे बघत विचार करत असतो तेव्हाही हा उद्योग अखंड चालू असतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून कॅबिनेटकडे बघत राहिले होते. आजही त्याबद्दलचा माझा आदर कमी झालेला नाही.

सतत ताजी करत राहावी लागणारी ही विसराळू मेमरी बाजारात खऱ्या अर्थाने रुजली ती इंटेलच्या ११०३ या चिपमुळे, १९७० मध्ये. तिच्यात १०२४ बिट मावत. मी घेतलेल्या ३२ जीबीत सत्तावीस हजार कोटींहून जास्त बिट आहेत. ११०३ वापरून तेवढी मेमरी उभी करायची तर सव्वीस कोटी चौऱ्याऐंशी लाख चिपा लागल्या असत्या. साठवण एवढी वाढली, एका दमात वाहून नेण्याची क्षमताही वाढली. पण मागितल्यापासून पहिला बिट हातात पडेपर्यंतचा वेळ फारसा हललेला नाही. हा वेळ घड्याळाच्या ठोक्यांत मोजतात, तो आकडा म्हणजे 'सीएल'. जुन्या डीडीआर-४०० ची (४०० हा वेगाचा आकडा) चांगली रॅम सीएल२ ची असे, तिचा हिशेब दहा नॅनोसेकंद येतो. आजच्या डीडीआर४-३२०० सीएल१६ चाही दहाच येतो. पाकिटावरचा 'सीएल'चा आकडा वाढलेला दिसतो तो घड्याळाचे ठोके जलद झाले म्हणून. रॅम निवडताना नुसता वेग किंवा नुसता सीएल बघून काही कळत नाही, दोन्ही मिळूनच बघावं लागतं.

निवड करणं तसं सोपं आहे, पिढी चुकली नाही तर. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोघींनाही २४० पिना, डीडीआर४ आणि डीडीआर५ दोघींनाही २८८. लांबून बघितलं तर ओळखू येत नाहीत. व्होल्टेज मात्र पिढीगणिक उतरत आलं आहे: डीडीआरला २.५, मग १.८, १.५, १.२ आणि डीडीआर५ ला १.१. एकीच्या जागी दुसरी बसली तर नुकसान होईल, म्हणून खालच्या कडेची खाच प्रत्येक पिढीत थोडी सरकवलेली आहे. चुकीची रॅम बसतच नाही. उलटी धरली तरी बसत नाही, कारण खाच बरोबर मध्यावर नसते. हे सगळं जेडेक नावाची मानकं ठरवणारी संस्था ठरवते. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या तिथे एकत्र बसून खाच किती मिलिमीटरवर असावी इथपर्यंत लिहून काढतात. त्यामुळेच एका पिढीची कुणाचीही स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, त्या पिढीच्या कुणाच्याही मदरबोर्डावर चालते. आपण हे गृहीत धरतो, पण यामागे किती जणांचे कष्ट आहेत!

माझ्याकडे आठची एकच स्टिक होती. तिच्या जोडीला आणखी एक टाकण्याऐवजी मी सोळा-सोळाची जोडी घेतली. डेस्कटॉपच्या प्रोसेसरला रॅमकडे जाणारे सहसा दोन मार्ग असतात, प्रत्येकी ६४ बिटांचे. स्टिक एकच असेल तर एक मार्ग रिकामाच राहतो. डीडीआर४-३२०० च्या एका मार्गावरून सेकंदाला २५.६ जीबी जाऊ शकतात, दोन्हींवरून दुप्पट. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फरक जास्तच जाणवतो, कारण चित्र काढणारा भागही त्याच रॅमवर जगत असतो. वेगवेगळ्या स्टिका एकत्र चालत नाहीत असं नाही; चालतात, पण सगळ्यांना सगळ्यांत सावकाश स्टिकच्या चालीने चालावं लागतं, आणि कधीकधी त्यांचं जमतही नाही. एकत्र तपासून विकलेली जोडी घेतली की तो प्रश्न उरत नाही.

स्लॉट चार असतील तर दोन स्टिका कुठे लावायच्या हे बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं: बहुतेक ठिकाणी प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. याला कारण आहे. बहुतेक बोर्डांवर प्रत्येक मार्गाची तार आधी जवळच्या स्लॉटला स्पर्श करून पुढे लांबच्या स्लॉटला जाऊन संपते. जवळच्यात स्टिक लावून लांबचा मोकळा ठेवला तर तारेचं उरलेलं टोक लोंबकळत राहतं, सिग्नल तिथवर जाऊन आपटून मागे येतो आणि खऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. शेवटच्या स्लॉटमध्ये स्टिक असेल तर तार तिथेच संपते.

आता प्रत्यक्ष काम. मशीन बंद केलं, मागचं बटण बंद केलं, वायर काढली आणि पॉवरचं बटण एकदा दाबून ठेवलं म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. मग बाजूचं झाकण काढलं. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावायचा. अंगावर साचलेली स्थिर वीज साधारण तीन हजार व्होल्टच्या आत असेल तर माणसाला जाणवतही नाही, चिपला मात्र त्याहून कितीतरी कमी पुरते.

पंख्याच्या पात्यांवर करड्या धुळीचा थर होता, तो मऊ ब्रशने काढला. स्लॉटच्या टोकाची पांढरी खिट्टी बाहेर ढकलली तशी जुनी स्टिक एका बाजूने वर उचलली गेली. नवी स्टिक कडांना धरून पिशवीतून काढली. तिची सोनेरी कड नीट पाहिली तर सरळ रेषेत नसते. मधल्या भागात किंचित खाली उतरलेली असते. २८८ पिना एकदम आत रेटायच्या तर जोर फार लागेल, म्हणून डीडीआर४ मध्ये ही कड अशी कापली आहे की सगळ्या पिना एकाच क्षणी टेकत नाहीत. खाच जुळवून स्टिक उभी धरली, दोन्ही टोकांवर अंगठे ठेवले आणि सरळ खाली दाबलं. बोर्ड थोडा वाकतो. त्या क्षणी काळजात धस्स होतं, पण तेवढा जोर लागतोच. मग टक् असा आवाज आला आणि खिट्टी आपोआप स्टिकच्या खाचेत जाऊन बसली. दुसऱ्या स्टिकचंही तसंच. खिट्टी हाताने ओढून बसवावी लागत असेल तर स्टिक अजून पूर्ण आत गेलेली नाही असं समजायचं.

चालू केलं. पंखे फिरले, स्क्रीन काळी. बोर्डावर 'डीरॅम' लिहिलेला बारीक दिवा लागून राहिला. इथे बऱ्याच जणांचा धीर सुटतो आणि ते वीज बंद करतात, म्हणून हे मुद्दाम सांगते: थांबा. नवी रॅम पाहिली की बोर्ड तिची चाचपणी करतो. प्रत्येक तारेवरून सिग्नल नेमका कधी पोचतो, तो वाचायला योग्य क्षण कोणता, हे तो करून बघत ठरवतो. याला ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर४ ला थोडा वेळ लागतो आणि मध्ये मशीन आपणहून बंद होऊन परत चालूही होऊ शकतं. डीडीआर५ च्या बाबतीत तर कधीकधी कित्येक मिनिटं काळ्या स्क्रीनसमोर बसावं लागतं. माझा दिवा विझला आणि बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, ३२ जीबी दिसले.

वेग मात्र २४०० दिसत होता आणि पाकिटावर ३२०० होतं. यात फसवणूक काही नाही. प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते, तिच्यात त्या स्टिकची सगळी माहिती लिहिलेली असते. बोर्ड आधी जेडेकच्या सुरक्षित वेगाने सुरुवात करतो. जाहिरातीतला वेग वेगळ्या प्रोफाइलमध्ये असतो, इंटेलच्या पद्धतीत त्याला एक्सएमपी म्हणतात, एएमडीने डीडीआर५ साठी एक्स्पो आणलं. ते बायोसमध्ये जाऊन आपणच चालू करायचं असतं. कितीतरी मशीन वर्षानुवर्षं कमी वेगाने चालत राहतात, कारण हे कुणी सांगितलेलंच नसतं.

प्रोफाइल चालू केल्यावर चाचणी घ्यायलाच हवी, हे माझं ठाम मत आहे. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घालून रात्रभर चालू ठेवला. तो सगळीकडे शून्य लिहून वाचतो, मग एक, मग आलटून पालटून, मग सरकते नमुने. एकही चूक खपवून घ्यायची नाही. रॅममधला बिघाड डोळ्यांना दिसत नाही. एखादा बिट उलटा होतो, पानावरचा एखादा ठिपका बदलतो, आणि तीच फाइल आपण बॅकअपमध्ये जपून ठेवतो. चांगल्या रॅममध्येही बिट उलटू शकतात. इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वूड्स यांनी १९७८ मध्ये दाखवून दिलं, की चिपच्या वेष्टनातल्या युरेनियम-थोरियमच्या सूक्ष्म अंशांतून निघणारे अल्फा कण कपॅसिटरमधला भार बदलतात. वेष्टनं पुढे सुधारली, पण अवकाशातून येणाऱ्या किरणांचं काय करणार? यावर ईसीसी हा उपाय आहे. ६४ बिटांसोबत आठ जास्तीचे बिट ठेवायचे, म्हणजे एक बिट चुकला तर तो जागीच दुरुस्त होतो. सर्व्हरमध्ये हे नेहमीचं आहे, घरगुती मशीनमध्ये क्वचितच मिळतं. लोकांचे फोटो, हिशेब, आयुष्यभराची कागदपत्रं घरच्याच मशीनमधून जातात. तिथेही ही सोय सरसकट असायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

सकाळी चुका शून्य होत्या. स्कॅन उघडले, तीस पानं एकदम. एका पानावरून दुसऱ्यावर जाताना आता काही होतच नाही, पान नुसतं समोर येतं. हार्ड फॉल्ट्सचा आलेख तळाशी निजलेला. एकदा बंद केलेला प्रोग्रॅम परत उघडला तर चटकन उघडतो, कारण त्याच्या फाइली अजून रॅममध्येच असतात. मशीन सुरू व्हायला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो, आणि डाग शोधून काढणारा फिल्टरही एका पानाला पूर्वीइतकाच वेळ घेतो. ते प्रोसेसरचं काम, त्यात रॅमने फरक पडणार नव्हताच.

जुनी आठची स्टिक पिशवीत घालून वर चिठ्ठी लावली: डीडीआर४, ८ जीबी, २४००. चिठ्ठी नसेल तर दोन वर्षांनी ती कुठली हे कुणालाच कळत नाही. नंतर ती एका नात्यातल्या मुलीच्या मशीनमधल्या रिकाम्या स्लॉटमध्ये गेली. तिथेही आठचीच एक स्टिक एकटी होती.

लॅपटॉपवर हे सगळं करता येईलच असं नाही. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते. त्याची कारणं खोटी नाहीत: कमी विजेवर चालणाऱ्या एलपीडीडीआर रॅमला तारा अगदी आखूड लागतात, आणि स्लॉट मध्ये आला की सिग्नल बिघडतो. पण त्याची किंमत वापरणाऱ्याला मोजावी लागते. आज पुरेशी असलेली रॅम चार वर्षांनी कमी पडली की धडधाकट प्रोसेसर, स्क्रीन, कीबोर्ड सगळंच निकालात काढायचं, हे मला पटत नाही. म्हणून जेडेकने डिसेंबर २०२३ मध्ये कॅम२ हे मानक प्रसिद्ध केलं तेव्हा मला फार बरं वाटलं. त्यात रॅमची पट्टी बोर्डावर आडवी बसते आणि स्क्रूने आवळली जाते. तारा आखूडच राहतात, एलपीडीडीआरलाही ती चालते, आणि एकाच पट्टीत दोन्ही मार्ग भरतात. अंगठ्याने दाबून टक् करण्याऐवजी बारीक स्क्रूड्रायव्हर लागेल एवढंच. पुढचा लॅपटॉप घेताना मी आधी तो स्क्रू आहे का ते बघणार आहे.